निधानवे प्रधान!

चाळिशीनंतर धावायला लागलेल्या एका प्राध्यापिकेचे अनुभव

सकाळी सहाच्या सुमारास टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत चक्कर मारली, तर बेळगावचे एक वेगळेच रूप पाहायला मिळते. एकेकाळी इथे देवीची लस तयार होत असे. आज त्याच दाट झाडीच्या आवारात निवृत्त अधिकारी, व्यापारी, गृहिणी आणि सैन्यभरतीची तयारी करणारी खेड्यातली मुले एकाच वाटेवरून जाताना दिसतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वी यांतली पळणारी फक्त भरतीची मुले असत. १६०० मीटर ठरलेल्या वेळात मारले नाहीत तर नोकरी हुकणार, एवढे साधे कारण. बाकीची मंडळी गप्पा मारत चालणारी. आता मात्र चाळिशी-पन्नाशीची माणसेही घामाघूम होऊन धावताना दिसतात. अंगात कुठल्या तरी जुन्या शर्यतीचा टी-शर्ट असतो, मनगटावर घड्याळ असते. त्यांना भरती व्हायचे नाही, पहिला नंबरही काढायचा नाही. मग ही माणसे पळतात कशासाठी?

गेली तीन वर्षे मीही त्यांच्यातलीच एक आहे, म्हणून या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर देता येईल. महाविद्यालयातल्या आरोग्य शिबिरात तपासणी झाली आणि माझ्या रक्तातल्या साखरेचा तीन महिन्यांचा सरासरी आकडा, ज्याला डॉक्टर एचबीए-वन-सी म्हणतात, तो ६.२ निघाला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. माझ्या आईने पंचवीस वर्षे मधुमेह काढला. त्यात तिच्या पायाचे एक बोट काढावे लागले. त्यामुळे उंबरठ्याच्या पलीकडे काय असते, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. डॉक्टर म्हणाले, "रोज चाला." चालायला लागले. दोन महिन्यांनी चालता चालता दोन विजेच्या खांबांमधले अंतर पळून पाहिले. तिथून ही गोष्ट सुरू झाली.

बेळगावचे जुने नाते

आपल्या गावाचे लांब पल्ल्याच्या धावण्याशी असलेले नाते बरेच जुने आहे, पण ते फार थोड्यांना ठाऊक असते. भारताचा पहिला संघ ऑलिंपिकला गेला तो १९२० मध्ये, बेल्जियममधल्या अँटवर्पला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत अनवाणी पळणारी खेड्यापाड्यांतली मुले सर दोराबजी टाटांनी पाहिली. यांना नीट संधी मिळाली तर ती जगाच्या स्पर्धेत उतरू शकतील, असे त्यांना वाटले. त्यातून हा संघ उभा राहिला. त्या संघात मॅरेथॉनसाठी निवडले गेलेले फडेप्पा दरेप्पा चौगुले हे बेळगावचे.

आज मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ कि.मी. धरले जाते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते पहिल्यांदा वापरले गेले आणि १९२१ मध्ये कायमचे ठरले. मधल्या काळात अंतर कमीजास्त होत असे. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ कि.मी.ची होती. ऑलिंपिकच्या इतिहासातली ती सर्वांत लांब मॅरेथॉन ठरली. २२ ऑगस्ट १९२० रोजी चौगुले यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण केली आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला साधारण चार मिनिटे, आणि तो वेग पावणेतीन तासांहून अधिक काळ टिकवलेला. हा वेग किती आहे हे कळायचे असेल, तर जवळच्या मैदानावर जाऊन चार मिनिटांत एकच किलोमीटर मारून पाहावा. शंभर वर्षांपूर्वी आपल्याच मातीतला एक माणूस असे बेचाळीस पळून गेला होता.

या आकड्यांशी मी स्वतःची तुलना करू लागले, तर धावणे दुसऱ्याच दिवशी सोडावे लागेल. पण हौशी धावपटूची शर्यत या आकड्यांशी नसतेच. ती कशाशी असते, हे मला एका कन्नड म्हणीने शिकवले.

'माताडकोंत ओड्री'

आमच्या सकाळच्या गटात बैलहोंगलकडच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. वय साठीच्या आसपास. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. त्या कन्नडमध्ये बोलतात, मी मराठीत उत्तर देते, आणि दोघींचे काही अडत नाही. बेळगावात याचे कोणाला नवल वाटायचे कारण नाही. मी गटात आले तेव्हा दोनशे मीटर जोरात पळायचे आणि मग कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभे राहायचे, अशीच तिथल्या बहुतेक नवशिक्यांची तऱ्हा होती. अक्कांनी पहिल्याच दिवशी सांगितले, "माताडकोंत ओड्री." म्हणजे बोलत बोलत पळा. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे असे समजा. आणि वर जोडले, "निधानवे प्रधान री, मॅडम!"

कर्नाटकातल्या घाटरस्त्यांवर ही म्हण पाटीवर लिहिलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. सावकाशपणाच महत्त्वाचा, असा तिचा अर्थ. गंमत अशी, की 'निधान' हा शब्द आपल्या मराठीतही आहे, पण आपण तो ठेव्यासाठी, पुरलेल्या धनासाठी वापरतो. कन्नडमध्ये जो संथपणा, तोच मराठीत ठेवा. दोन्ही भाषा ज्या घरात बोलल्या जातात, त्या घरात धावण्याचा पहिला धडा असा आयताच मिळतो.

अक्कांच्या सांगण्यात शास्त्रही आहे. सलग वाक्य बोलता येईल अशा वेगाने पळताना शरीर प्राणवायूच्या मदतीने चरबी आणि साखर दोन्ही जाळत राहते. आठवडेच्या आठवडे असे पळत राहिले, की हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते आणि स्नायूंत रक्ताच्या बारीक केशवाहिन्या वाढतात. स्नायूंना रक्तातली साखर शोषून घ्यायची सवय लागते, आणि तो परिणाम व्यायाम संपल्यावरही एक-दोन दिवस टिकतो. माझ्यासारखीला साखरेच्या दृष्टीने हाच लाभ हवा असतो, आणि त्यासाठी जिवाच्या आकांताने पळावे लागत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. दम लवकर वाढतो. महिन्या-दीड महिन्यात फुप्फुसे साथ देऊ लागतात. पण स्नायू हाडांशी जोडणारे कंडरे आणि खुद्द हाडे यांना मजबूत व्हायला कितीतरी महिने लागतात. त्यामुळे "आता दम लागत नाही, जोरात पळतो" असे ज्याला वाटते, तोच नेमका महिनाभराने नडगी किंवा टाच धरून बसतो. आमच्या गटातल्या एका तरुण व्यापाऱ्याने पहिल्याच महिन्यात रोज दहा किलोमीटरचा सपाटा लावला होता. पुढचे दोन महिने ते मैदानाच्या कट्ट्यावर बसून आम्हाला हात करत होते.

चालणे म्हणजे हरणे नव्हे

धावताना मध्येच चालावे लागले तर अनेकांना अपमान वाटतो. जेफ गॅलोवे या अमेरिकन धावपटूने १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरची शर्यत धावली होती. पुढे सामान्य माणसांना शिकवताना त्यानेच थोडे धावा, थोडे चाला ही पद्धत रूढ केली. थकल्यावर चालायचे नाही, तर थकण्याआधीच ठरवून चालायचे, ही तिची मेख. दोन मिनिटे पळणे, एक मिनिट चालणे. मग तीनास एक. मग पाचास एक. मी अशीच वाढवत गेले. सलग अर्धा तास पळायला मला पाच महिने लागले.

आठवड्याचे गणितही साधे आहे. तीन दिवस धावणे पुरते. दोन दिवस अर्धा-पाऊण तास सावकाश, आणि रविवारी लांब पल्ला. मधल्या दोन दिवशी पायऱ्यांवर टाचा उचलणे, उठाबशा, भिंतीला टेकून बसणे असे स्नायूंचे व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सांगितलेले प्रमाणही याच्या जवळपासचे आहे. आठवड्यात मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटे, किंवा जोराच्या श्रमाची ७५ ते १५० मिनिटे, आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. आठवड्याचे एकूण अंतर मागच्या आठवड्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, हा धावपटूंचा जुना अंगठेनियम. दर तीन आठवड्यांनी एक आठवडा अंतर मुद्दाम कमी करावे.

बेळगावची हवा या बाबतीत आपल्यावर मेहेरबान आहे. मुंबईच्या किंवा गोव्याच्या दमटपणात जे पळतात त्यांना आपल्या डिसेंबरच्या सकाळचा हेवा वाटेल. रस्तेही चढउताराचे. काँग्रेस रोडची सपाटी सोडून यळ्ळूरच्या राजहंसगडाकडे वळले, की शेवटच्या चढाला मांड्या बोलू लागतात. जून ते सप्टेंबर मात्र पाऊस परीक्षा पाहतो. आमचा गट पावसातही पळतो. भिजलेले बूट रात्रभर वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले की सकाळपर्यंत बऱ्यापैकी सुकतात, हे ज्ञान त्यातूनच मिळालेले.

उंबऱ्याबाहेरची पहिली पावले

शरीराचे हे सारे जमले तरी बाईच्या धावण्यात एक चढ आणखी असतो, आणि तो रस्त्यावर नसून घरात असतो. सकाळी साडेपाच ते सात हीच वेळ डब्यांची, पाण्याची, दुधाची. त्या वेळेतून स्वतःसाठी तास काढायचा म्हणजे कोणाला तरी गॅसपाशी उभे राहावे लागते. आमच्या घरी हे एका दिवसात घडले नाही. आठवड्यातले तीन दिवस डबे करायचे काम यजमानांनी घेतले. पहिला महिना मुलांनी रोज उप्पीट खाल्ले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण शेजारणींना "सकाळी उठून पळते हो ती" असे सांगताना त्यांचा आवाज खाली येत असे.

बाहेर तर विचारूच नका. कोपऱ्यावरची भाजीवाली म्हणायची, "काय ओ बाई, कुणी मागं लागलंय काय?" रिक्षावाले थांबून चौकशी करायचे, "एल्ली होंटीरी, मॅडम?" माझी विद्यार्थिनी एकदा रस्त्यात भेटली आणि मी ट्रॅकपँटमध्ये आहे हे पाहून तिनेच लाजून मान खाली घातली. पुढच्या वर्षी तीच मुलगी आईला घेऊन मैदानावर आली, हे आवर्जून सांगायला हवे.

हा संकोच काही आपल्याच मुलखातला नाही. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत झाली. एवढे अंतर बायकांना झेपत नाही असे ठरवून ती पुढे बंद केली गेली, ती थेट १९६० मध्ये परत आली. १९६७ मध्ये कॅथरिन स्विट्झर बोस्टन मॅरेथॉनमध्ये नंबर लावून धावत असताना एका अधिकाऱ्याने तिला भर रस्त्यात ओढून बाहेर काढण्याचा प्रयत्न केला. तिने शर्यत पुरी केली. बोस्टनमध्ये स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळायला १९७२ उजाडले, आणि ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन आली ती १९८४ मध्ये. आपल्याकडचे उदाहरण अधिक जवळचे आणि अधिक बोचणारे आहे. बारामतीच्या लता भगवान करे साठी ओलांडल्यावर नऊवारीत, अनवाणी शर्यत धावल्या आणि जिंकल्या. पतीच्या उपचारांसाठी बक्षिसाचे पैसे हवे होते, हे त्यांचे कारण. त्यांच्या नावाचा मराठी चित्रपट २०२० मध्ये आला आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केले. सोसायला शरीर समर्थ असते. परवानगीचा प्रश्न बहुधा दुसऱ्यांच्या मनात असतो.

शर्यतीचा दिवस

शर्यतीत नाव घालायची गरज काय, रोज पळतोच की, असे मलाही वाटत असे. पण तारीख ठरली की आळस पळतो, हे खरे. मुंबईची मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली आणि त्यानंतर हौशी शर्यतींचे लोण गावोगाव पोहोचले. २०१२ पासून साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढून उतरण्याची अर्धमॅरेथॉन होते. आता आपल्या आसपासच्या बहुतेक शहरांत हिवाळ्यात एखादी पाच-दहा किलोमीटरची शर्यत असतेच. मी आधी गावातच दहा किलोमीटर धावले. अर्धमॅरेथॉनसाठी, म्हणजे २१.०९७ कि.मी.साठी, दीड वर्षाने कोल्हापूर गाठले.

मुक्काम नणंदेच्या घरी. वहिनी इतक्या लांबून पळायला आली म्हणून तिने तांबड्या-पांढऱ्याचा बेत केलेला. आदल्या रात्री तिखट आणि तेलकट खायचे नाही, हे तिला पटवणे हीच पहिली शर्यत होती. शेवटी आमटी-भातावर भागले. पांढरा रस्सा दुसऱ्या दिवसापर्यंत राखून ठेवला गेला. पहाटे उठून एक केळे, अर्धा कप चहा. छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदालाच एक छोटी चिप असते. आपण सुरुवातीची रेषा ओलांडतो तेव्हा तिची नोंद होते, त्यामुळे गर्दीत मागे उभे राहिले तरी आपली वेळ कमी-जास्त होत नाही. पुढे घुसायची काही गरज नसते.

पहाटेच्या अंधारात सुटलो तेव्हा सगळेच जोरात सुटले. माझ्या शेजारून शंभरएक माणसे पुढे गेली असतील. मनात अक्कांचे वाक्य घोळवत मी माझ्या आठ मिनिटांच्या किलोमीटरला चिकटून राहिले. बाराव्या किलोमीटरनंतर त्या शंभरातली काही एकेक करून चालताना भेटू लागली. यात बढाई नाही. त्यांच्यातले बरेच वयाने माझ्या निम्मे होते आणि पुन्हा कधी तरी मला सहज मागे टाकतील. सोळा ते एकोणीस हे खरे कठीण अंतर. पाय जड झाले. आत्तापर्यंत जे पळाले ते पुरे, असे मन सांगू लागले. तिथे एका वळणावर पाणी देणाऱ्या शाळकरी मुली होत्या. त्यातली एक ओरडली, "काकू, मागे बघू नका, थोडंच राहिलंय!" थोडे नव्हतेच राहिलेले, पण त्या वेळी ते खरे वाटले.

वेळ लागला २ तास ५२ मिनिटे. चौगुल्यांना अँटवर्पला लागला होता जवळजवळ तेवढाच, फक्त ते माझ्या दुप्पट अंतर गेले होते! गळ्यात पदक पडले, ते प्रत्येक पूर्ण करणाऱ्याला मिळते. घरी आल्यावर सासूबाईंनी ते हातात घेऊन वजन पाहिले आणि देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवले. शेजारीण आली की आता त्या आवाज खाली आणत नाहीत. साखरेचा आकडा गेल्या तपासणीत ५.७ वर आला. उंबरठा अजून पायाखाली आहे, पण मी त्याच्या बाहेरच्या कडेला उभी आहे.

सुरुवात करणाऱ्यांसाठी

चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः घरात हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असेल त्यांनी, धावण्याआधी डॉक्टरांना भेटून आवश्यक त्या तपासण्या करून घ्याव्यात. धावताना छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर असे काही जाणवले तर तिथेच थांबावे. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी साखर अचानक उतरू शकते हे लक्षात ठेवून खिशात गूळ-शेंगदाण्याची वडी किंवा ग्लुकोज बाळगावे, आणि आकडा सुधारला म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

खर्च करायचा असेल तर तो बुटांवर करावा, कपड्यांवर नको. एक जोड साधारण ५०० ते ८०० कि.मी. चालतो, तळ दबला की बदलावा. तासाभराच्या धावण्याला साधे पाणी पुरते. त्याहून अधिक वेळ असेल तर मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत चांगले. तहान लागेल तसे प्यावे. भीतीपोटी लिटरच्या लिटर पाणी ढोसल्याने रक्तातले सोडियम घसरून जिवावर बेतू शकते. आणि खाण्याचे म्हणाल, तर साठ किलोच्या माणसाचे दहा किलोमीटरला साधारण ६०० कॅलरी खर्च होतात. त्या जोरावर कुंद्याचा डबा संपवायला निघालात, तर हिशेब जुळणार नाही. ज्वारीची भाकरी, उसळ, नाचणीची आंबील ही आपली घरची शिदोरी धावणाऱ्यालाही उत्तम.

पहिले आठ आठवडे फक्त एवढेच करावे : आठवड्यातून तीनदा, अर्धा तास, एक मिनिट पळणे आणि दोन मिनिटे चालणे. जमले की पळण्याची मिनिटे वाढवावीत. सोबत कोणीतरी असावे, भाषा कुठलीही चालेल, कारण सोबत्याशी बोलता येईल एवढाच वेग ठेवायचा आहे. नवऱ्याने बायकोला तो एक तास मोकळा करून द्यावा, मुलांनी आपले डबे आपण भरावेत. घरातल्या एकाच्या धावण्याला सगळ्या घराचे पाय लागतात. ते मिळाले की चाळिशीच काय, साठीतही सुरुवात करता येते. अक्का येत्या हिवाळ्यात त्यांच्या पहिल्या दहा किलोमीटरला उभ्या राहणार आहेत, आणि किती वेळ लागेल असे विचारले तर त्यांचे उत्तर ठरलेले आहे.